तिसऱ्या दिवशी, दोन वर्षांनी

आई "नाशिकला येते" म्हणाली तेव्हा मी आधी तिचं बीपी तपासलं. दोन वर्षं कोणी नाशिकचं नाव काढलं की ती उठून भाजी निवडायला बसायची. भाजी नसली तर तांदूळ.

कारण सांगते. माझा मोठा भाऊ नंदूदादा ओझरच्या विमान कारखान्यात होता. लग्न केलं नाही, नाशिकला फ्लॅटमध्ये एकटाच राहायचा. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं गेला. तिसऱ्या दिवशी पुरुषमंडळी राख सावडायला निघाली तेव्हा आई चपला घालून दारात उभी राहिली. "मी पण येते," म्हणाली. काका म्हणाले, "वहिनी, बायका येत नाहीत," आणि दार ओढून घेतलं. अस्थी रामकुंडात सोडून सगळे दुपारी जेवायला हजर. तेव्हापासून आई रडलेली नाही. मला काकांचा तेव्हा राग आला होता, तो अजून आहे. ते हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथेच लिहिते.

बोलावणं दादाच्या मित्राचं होतं. विलासदादा आणि त्यांची बायको प्रभाताई. पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, राहणार नाशिक. दर ईस्टरला दादा त्यांच्याकडे असायचा. उपासनेला कधीच गेला नाही, मटणाला कधी चुकला नाही. "तुमचा देव उठला की मला उठवा," असं सांगून झोपायचा म्हणे.

पुण्यात वाकडेवाडीहून एसटी घ्या. पाच तास धरा, सहा लागतात. आळेफाट्याच्या पुढे चहाला थांबते, तिथला वडा खाऊ नका. सिन्नरनंतर द्राक्षांच्या बागा सुरू होतात, डावीकडची खिडकी मिळाली तर उत्तम. मला मधली सीट मिळाली. आई खिडकीत होती आणि पूर्ण रस्ता समोरच्या सीटचं कव्हर बघत होती.

शनिवारी रात्री प्रभाताईंकडे मुक्काम केला. ईस्टरची उपासना सूर्य उगवायच्या आत, कब्रस्तानात असते. विलासदादा खुर्च्या लावायला आधीच गेलेले, म्हणून आम्ही तिघींनी रिक्षा केली.

"एवढ्या पहाटे कब्रस्तानात?" रिक्षावाला म्हणाला. "कोण वारलं?"

"कोणी नाही," प्रभाताई म्हणाल्या. "आमचे प्रभू उठले, त्याचा दिवस आहे."

"मग बरंय," म्हणून त्यानं गिअर टाकला.

फाटकाशी मखमलाबादकडची एक बाई पांढरी शेवंती विकत होती. परवा गुड फ्रायडेला, येशू गेला त्या दिवशी पण होतात का, असं मी विचारलं. "व्हते ना. आम्हाला काय ताई, जाणाऱ्याला बी फुलं, उठणाऱ्याला बी फुलं. पण उठणाऱ्याला लय जात्यात." आईनं एक पुडा घेतला. कशाला, ते सांगितलं नाही.

आत थडग्यांवर मेणबत्त्या, मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आणि गरम कपडे घातलेली माणसं. माइक दोनदा कुईं करून बंद पडला. पाळकांनी गोष्ट सांगितली. येशूला क्रुसावर मारलं, कबरेत ठेवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे बायका सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेशी गेल्या, तर तोंडावरचा धोंडा सरकलेला आणि आत कोणीच नाही.

आई ताठ बसली. तिचा आवाज मुळात मोठा.

"तिसऱ्या दिवशी? म्हणजे सावडायला गेल्या!"

पुढच्या रांगेतले दोघं वळले.

"तसंच काहीसं, मावशी," प्रभाताई हळूच म्हणाल्या.

"बायका गेल्या?"

"हो, बायकाच."

"आणि पुरुष?"

"ते घाबरून दार लावून घरात बसले होते."

आईनं यावर जरा विचार केला. "आमच्याकडे उलट असतं," ती म्हणाली. मला हसू आलं.

सूर्य वर आल्यावर सगळे एकमेकांना "ख्रिस्त उठला आहे" म्हणाले. समोरच्यानं "खरोखर उठला आहे" म्हणायचं. एका आजोबांनी माझा हात धरून म्हटलं, तर माझ्या तोंडून "हो का? वा!" गेलं. चालतं.

घरी उकडलेली अंडी, केक, आणि सकाळी आठलाच मटण. आई शनिवार, सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं पाळते. रविवार मोकळा असतो, तो तिनं व्यवस्थित वापरला. मी विलासदादांना सरळ विचारलं, हे सगळं तुम्हाला खरंच खरं वाटतं?

"मी आयुष्यभर कारखान्यात तपासणीला होतो," ते म्हणाले. "मोजल्याशिवाय सही केली नाही. ही एकच न मोजता केलीय."

आई हाड बाजूला ठेवून म्हणाली, "उठला ना, मग पहिल्यांदा दिसला कोणाला?"

"त्याच्या बरोबरच्या एका बाईला," प्रभाताई म्हणाल्या. "तिला तो आधी माळीच वाटला."

"आईला नाही?"

विलासदादांनी हात धुतले, चष्मा लावला, बायबल काढलं. बराच वेळ पानं मागंपुढं केली. रस्सा गार झाला.

"दिलेलं नाही, मावशी."

"दिसला असेल," आई म्हणाली. "तिनं कोणाला सांगितलं नसेल."

विलासदादांनी पुस्तक मिटलं. "असेल," म्हणाले.

मग आई म्हणाली, "शुभे, मला रामकुंडावर घेऊन चल." मी बीपी तपासलं नाही. नाशिकमधल्याच मालेगाव स्टँडला उतरून चालत जा, रविवारी पंचवटीच्या गल्ल्यांत रिक्षा शिरली की अडकते. कुंडावर पाय ठेवताच एक गुरुजी आले.

"कोणाचं करायचंय, आजी?"

"काही नाही. बघायला आलेय."

"अस्थी आणल्यात?"

"त्या आधीच आल्यात."

गुरुजींनी तिच्याकडे नीट बघितलं. "मुलगा?" त्यांनी विचारलं. आईनं मान डोलावली. "इथं अस्थी विरघळतात, आजी. काही म्हणता काही उरत नाही."

"तिकडं पण काहीच उरलं नव्हतं म्हणे," आई म्हणाली.

ती खालच्या पायरीवर बसली, शेवंतीचा पुडा सोडला आणि एकेक फूल पाण्यात ठेवलं. "नंदू," म्हणाली. आणि मग रडली. केवढ्यानं रडली! दोन वर्षांचं सगळं. मी पण रडले. गुरुजींनी पैसे घेतले नाहीत, आजूबाजूच्यांना फक्त "जरा सरका" म्हणाले.

परतीच्या एसटीत आई संगमनेरपर्यंत खिडकीबाहेर बघत होती आणि कांद्याच्या भावाबद्दल बोलत होती.

पुण्यात आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, देवदर्शनाला गेला होतात का? "नाही," आई म्हणाली, "नंदूची राख सावडायला." काकूंना काही कळलं नाही. आमच्या काकांना आता कळेल.

ते लोक म्हणतात ते खरं आहे का, मला माहीत नाही. पण विलासदादांचं ते "दिलेलं नाही, मावशी" माझ्या डोक्यातून जात नव्हतं. परवा आई मेथी निवडत होती, या वेळी खरोखर भाजी करायला. मी शेजारी बसले आणि विचारलं, "आई, तुला दादा कधी दिसला का गं? नंतर?"

तिनं एक काडी मोडली.

"तुला कशाला सांगू?" म्हणाली.