बास्केटबॉलचे सर

"बस खाली, गुडघा दाखव." कुणी नवीन पोरगा आला की सरांचं पहिलं बोलणं हेच. नाव मागनं विचारायचे. मी कॉलेजात झाडू मारायला लागले, तर मलाबी म्हणाले, "मावशी, लंगडताय. बसा, गुडघा दाखवा." मी झाडू आडवा धरला. तुमीच सांगा, कोणता बाप्या बाईमाणसाचा गुडघा बघतो? तवापासनं माझी नजर होती त्यांच्यावर.

खालापूरकडच्या आमच्या कॉलेजात बास्केटबॉल सरांनीच आणला. आधी तिथं मोटरसायकली लागायच्या. सरांनी खांब पुरले, पोरांना हाताशी घेऊन कोबा केला. पयली काय वर्सं नुसते हरायचे. टेंपोत वरडत जायचे, टेंपोत गप यायचे. मग सरांनी डोंगर चढणारी पोरं वाड्यावाड्यांतनं धरून आणली. त्यात माझा सुनील. बाप नाय त्याला. सुट्टीला माथेरानात पावण्यांच्या बॅगा वाहायचा, त्यावर आमची चूल.

सर त्याला केळी द्यायचे. बूटबी दिले. मी म्हटलं, "फुकट कोण देतं रं? काय मागतोय तो तुझ्याकडं?"

"उडी मागतायत गं आये," सुनील हसला.

त्या वर्षी टीम पयल्यांदा फायनलला गेली. आठवडा राहिला नि सुनीलचा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाला, आता उडी मारलीस तर जन्मभर लंगडशील. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात फरशी पुसत होते. संस्थेचे साहेब सरांना म्हणाले, "इंजेक्शन मारा नि उतरवा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." सर काय बोलले नाय. गप बसले, म्हंजे ठरलं, असंच मी धरलं.

फायनल आमच्याच कॉलेजात होती. मी काम टाकून कोब्याच्या कडेला बसले. खेळ कोण बघतोय? मी सरांचे हात बघत होते, सुई कुठं दिसते का.

टीममधी सहाच पोरं. पाच खेळत होती, सुनील बाकावर. शेवटाला एकाचे फाउल भरले, त्याला बाहेर काढलं. राहिली चार.

साहेब उठून वरडले, "अहो, उतरवा त्याला!"

सुनीलबी रडकुंडीला आला. "सर, सोडा ना. दोनच मिनटं."

"बस खाली," सर म्हणाले. साहेबांकडं बघितलंबी नाय.

चार पोरं पाचांशी खेळली. थोडक्यात हरली.

महिन्यात सरांना घरी बसवलं. जायच्या दिवशी ऑफिसातनं मला सांगणं आलं, "मावशी, गेटवर त्यांची पिशवी बघा. कॉलेजचं काय नेतील."

सर गेटवर आले. मी म्हटलं, "सर, पिशवी."

"बघा की." त्यांनीच उघडून धरली. शिट्टी, हवा भरायचा पंप, धुऊन गुंडाळलेल्या गुडघ्याच्या पट्ट्या.

सुनील त्याच सकाळी दोन पायांवर सरळ चालत घरनं निघाला होता. ठाऊक होतं मला. तरी मी हात पार तळापर्यंत घातला.

"झालं, मावशी?"

"झालं."

सरांनी पिशवी खांद्याला लावली नि एस्टीच्या थांब्याकडं गेले.