जवाब टॉवेलनंतर

डाव्या हाताचं एक बोट वर, फेसानं भरलेलं तोंड घट्ट मिटलेलं, आणि उजव्या हातातलं दाढीचं पितळी यंत्र गळ्याला टेकलेलं. उस्ताद आठवले की पहिल्यांदा असेच दिसतात. त्या बोटाचा अर्थ आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. ऐकलं, जवाब टॉवेलनंतर.

केजच्या बसस्टँडमागून तुम्ही कधी सकाळचे गेला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची रांग, शटरच्या कडीला तारेनं बांधलेला ट्रकचा आरसा, आणि त्याच्यासमोर बनियनवर उभा असलेला एक उंच माणूस. मोटार वाइंडिंगचं दुकान त्यांचं. दाढी मात्र घरी करायचे नाहीत. घरात उजेड कमी, असं ते सांगत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या चाची, म्हणायच्या, उजेड भरपूर हाय, बघायला माणसं न्हाईत.

ते यंत्र त्यांच्या वडलांनी हैदराबादहून आणलेलं. आपल्या नेहमीच्या यंत्रात पातळ पान बसतं, दोन्ही कडांनी चालतं, जरा वाकतंही. ह्याचं पातं एकाच बाजूला धारेचं, पाठ जाड, आणि वाकायचं नाव नाही. उस्ताद त्याला खोरं म्हणायचे, आणि दिसायलाही ते तसंच होतं. पाती इकडे मिळत नसत. सौदीत गाडी चालवणारा भाचा सुट्टीला येताना खजुराच्या डब्यात घालून आणायचा. खजूर गल्लीभर वाटले जात, पात्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. गालावरून खोरं उतरलं की कडक भाकरीवर सुरी ओढल्यासारखा आवाज यायचा. तो ऐकून पलीकडचा चहावाला दूध तापायला ठेवायचा.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं एकदा हौसेनं ते मागून नेलं. दुसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळून, उसना आणलेला देव परत करावा तसं दोन्ही हातांनी आणून दिलं. हनुवटीवर पेपरचे तुकडे चिकटवलेले. जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलेला माणूस, पण म्हणाला, "उस्ताद, हे माणसासाठी न्हाई."

उस्ताद म्हणाले, "दाबलं असशील. वजन त्याचं त्याला हाय. आपण फक्त वाट दाखवायची."

त्यांच्या स्वतःच्या तोंडावर कधी ओरखडा दिसला नाही. दाबायचं नाही हे झालंच, पण दाढी करताना बोलायचंही नाही. ओठ हलला की कातडी हलते, आणि कातडी हलली की खोरं कुणाची ओळख ठेवत नाही.

आता तुम्हाला खरी गंमत सांगतो. उस्तादांची जीभ म्हणजे दुसरं खोरं. मोटार पुन्हा जळाली अशी तक्रार घेऊन कुणी आलं की ते त्या माणसाच्या मोटारीपासून सुरुवात करून त्याच्या विहिरीपर्यंत, तिथून त्याच्या सासुरवाडीपर्यंत जायचे. माणसं दुकानात शिरायला घाबरायची. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की सकाळची दाढी चालू असताना हा माणूस बोलू शकत नाही. तेव्हापासून सगळ्या तक्रारी त्याच वेळेला येऊ लागल्या. लोक शांतपणे उभे राहून मनातलं सगळं ओकायचे, उस्ताद आरशातून त्यांच्याकडे बघत बोट वर करायचे, आणि टॉवेल उचलायच्या आत तक्रारवाला पसार व्हायचा.

पण जवाब चुकायचा नाही. धारूरकडच्या एका शेतकऱ्यानं एकदा ऐकवलं की तुमच्यापेक्षा अंबाजोगाईचं वाइंडिंग बरं, आणि घाईघाईनं एसटीत जाऊन बसला. उस्तादांनी तोंड पुसलं, टॉवेल खांद्यावर टाकला, स्टँडवर गेले आणि गाडीत चढले. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं. म्हणाले, कुठंच न्हाई, ह्यांचा एक जवाब राहिलाय. जवाब देऊन होईपर्यंत गाडी थांबली होती. खाली उतरले तेव्हा आतले लोक हसत होते, आणि तो शेतकरीही हसत होता, कारण जाता जाता त्याच्या मोटारीत तार पुन्हा भरून द्यायचं ते कबूल करून आले होते.

मी त्यांच्याकडे कसा आलो, तेही सांगायला हवं. मी गोंदियाकडचा. नववीत शाळा सुटली, बोअरवेलच्या गाडीवर लागलो आणि गाडी नेईल तिकडे गेलो. केजला ताप भरला. गाडीला पुढचं काम होतं, ती गेली. मी ह्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. उस्तादांनी दाढी संपवली, टॉवेलनं तोंड पुसलं आणि विचारलं, "काही खाल्लं का?" मी नाही म्हणालो. चाचींनी खिचडी पाठवली, आणि ताप उतरल्यावर उस्तादांनी हातात पाना दिला. नाव विचारायचं त्यांना बरेच दिवस सुचलं नाही. गोंदिया, हेच माझं नाव झालं.

मी स्वभावानं भित्रा. त्यांनी हाक मारली की वाटायचं, आज काढून टाकणार. म्हणून माझी कपड्यांची पिशवी माळ्यावर कायम भरलेली असायची. एकदा वर गेलो तर माझे कपडे दोरीवर टांगलेले आणि पिशवीत तांब्याच्या जळक्या तारा कोंबलेल्या. खालून उस्ताद ओरडले, "भंगाराला पिशवी लागत होती. तुला कुठं जायचं हाय का?" मी नाही म्हणालो. "मग झालं तर."

ह्या माणसाचे आभार मानायचीही सोय नव्हती. उपकार हा शब्द निघाला की ते चिडायचे. "उपकार घरी नेऊन ठेव, बे. दहाचा पाना दे." मी दहाचा पाना द्यायचो, आणि आभार घशातच राहायचे.

पुढं माझ्या लग्नाचं निघालं. अंबाजोगाईजवळच्या एका शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार आमच्याकडे यायची. त्यांना माझं काम पसंत होतं, आणि त्यांच्या मुलीला, एक-दोनदा ती बापासोबत दुकानात आली होती, बहुतेक मीही. पण घरात मुलीच्या मामाचा शब्द चालायचा. मामानं सांगितलं, मुलाची वडीलधारी माणसं घेऊन या. माझे वडील मी लहान असतानाच गेले, आई गोंदियाहून येऊ शकत नव्हती. उस्तादांना विचारायची हिंमत होईना. शेवटी मीही गल्लीचीच युक्ती केली. सकाळी खोरं त्यांच्या गळ्याला टेकल्यावर पाठीमागं उभा राहिलो आणि सगळं बोलून टाकलं. आरशात त्यांचे डोळे मोठे झाले. बोट वर गेलं. टॉवेलनंतर म्हणाले, "कावून इतके दिवस बोलला न्हाईस?" आणि टॉवेल खांद्यावर टाकत, "पण माझी जीभ तुला माहीत हाय. तो मामा काही तिरपं बोलला तर मी तुझं लगीन मोडून येईन."

ती काळजी मलाही होती. खरं सांगायचं तर दुसरी कुठली काळजी नव्हतीच.

जायच्या दिवशी सकाळी त्यांनी खोरं माझ्या हातात दिलं. पोरगी बघायला जायचं तर आज ह्यानं कर, म्हणाले. मी कधी त्याला हात लावला नव्हता. भ्यालेला माणूस दाबतोच, मीही दाबलं. गालाला आधी काही कळलंच नाही, फार गुळगुळीत वाटलं. मग फेस गुलाबी व्हायला लागला. चाचींनी पेपर फाडून फाडून तुकडे दिले. आरशात मी एखाद्या पोस्टर फाडलेल्या भिंतीसारखा दिसत होतो. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी खोरं धुतलं, फडक्यात गुंडाळलं आणि ब्रश-साबणासकट पिशवीत टाकलं. स्वतःची दाढी त्यांनी केलीच नव्हती. विचारलं तर म्हणाले, उशीर झाला, जीप निघेल. जीप भरायला अजून निम्मी सवारी यायची होती.

मुलीच्या घरी अंगणात खाटा टाकलेल्या. मामा बसलेलाच होता. उस्तादांनी सगळ्यांना सलाम-नमस्कार केला आणि म्हणाले, "मला माफी करा, सकाळपासून दाढीला सवड मिळाली न्हाई. अशा तोंडानं पोरगी मागणं बरं न्हाई दिसत. गरम पाणी द्या. मी करत बसतो, तुमी बोलत राहा. जे असंल ते सगळं बोला."

तेव्हा मला उलगडलं. जीप, उशीर, सगळं. ज्या एका वेळी ह्या माणसाला गप्प बसता येतं, ती वेळ तो पिशवीत घालून घेऊन आला होता.

पाणी मुलीनंच आणलं. माझं तोंड पाहून तिनं पदर तोंडाला लावला. हसू दाबायलाच.

उस्ताद खाटेवर बसले, त्यांच्याकडूनच मागून घेतलेला आरसा मांडीवर उशीच्या आधारानं ठेवला, आणि मामानं सुरुवात केली. मुलगा शिकलेला नाही. जमीन नाही, घर नाही. गोंदिया नेमकं कुठं आहे ते इथं कुणाला ठाऊक नाही. आणि वडीलधारी माणसं म्हणून हे कोण आलेत, हे मामा बोलला नाही, पण उस्तादांच्या टोपीकडं बघून थांबला. प्रत्येक वाक्यागणिक कडक भाकरीवरची सुरी ओढली जात होती. उस्तादांचं बोट वर, तोंड मिटलेलं. मी मनात म्हणत होतो, अजून हनुवटी बाकी आहे, गळा बाकी आहे, फेस वाळू नये.

खोरं गळ्यावर गेलं. मामा पुढं वाकला. "आन् उद्या हा आला तसाच निघून गेला तर? आमी कुठं हुडकायचं? हितं ह्याचं हाय कोण?"

उस्तादांनी बोट खाली घेतलं.

"मी हाय."

एवढेच शब्द. पण खोरं गळ्यावर होतं. पहिल्यांदा पांढऱ्या फेसात एक बारीक लाल रेघ दिसली, मग ती खाली सदऱ्याच्या गळ्यापर्यंत आली. त्यांनी हात न थांबवता राहिलेला गळा पुरा केला. मुलगी आत गेली आणि तुरटीचा खडा घेऊन आली. आधी उस्तादांपुढं धरला, मग माझ्यापुढं.

पेपरचे तुकडे लावून आम्ही दोघं शेजारी शेजारी चहा प्यायला बसलो. मामानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. म्हणाला, "दिसतात तर एकाच घरचे." सुपारी महिन्याभरात फुटली.

उस्तादांच्या गळ्यावर तो वण राहिला. तिथं मग केस उगवला नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं की सांगायचे, गोंदियाच्या लग्नातला आहेर हाय.

पुढं त्यांचा हात कापायला लागला. कापणाऱ्या हाताला खोरं चालत नाही. तरी साधं यंत्र त्यांना नको होतं, सलूनवाला तर नकोच. म्हणून त्याच आरशासमोर रोज सकाळी मी त्यांची दाढी करू लागलो. वजन त्याचं त्याला असतं, हे आता हाताला कळलं होतं. तक्रारवाले अजूनही त्याच वेळी यायचे. पलीकडं उभे राहून दोघांनाही ऐकवायचे.

उस्ताद आता नाहीत. दुकान चालू आहे, आरसा कडीला तसाच आहे. चाची सकाळी चहा पाठवतात, कधीकधी सवयीनं दोन कप.

ते असतानाची, गेल्या थंडीतली एक सकाळ तेवढी सांगतो. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. खोरं मी त्यांच्या गळ्यावर आणलं, त्या वणाच्या जरा वर, आणि एकदम बोलून गेलो. खिचडी, पाना, पिशवी, तो दिवस, इतकी वर्षं घशात राहिलेलं सगळं. हात हलू दिला नाही. त्यांना दहाचा पाना मागता येत नव्हता. आरशात बघत त्यांनी बोट वर केलं.

मी गळा पुरा केला. कोमट पाण्यानं तोंड पुसलं, टॉवेल झटकून दोरीवर टाकला, तांब्यातलं पाणी रस्त्याकडेला ओतून परत आलो. ते आरशासमोर तसेच बसले होते, आरशातून माझ्याकडं बघत, बोट अजून वर.