विहीणबाईंच्या गालातली गोळी

ये गं सुमन, अशी जवळ बस. दारातूनच तोंड दाखवून पळायची ही कुठली रीत? चुलती काय खाते तुला? ऐक, माझ्या विहीणबाईंसारखी बाई अख्ख्या जगात दुसरी नाही, आणि नाही तेच बरं. एकीनेच माझा एवढा जळफळाट होतो.

साखरशेतची ही बाई पोरवयापासून आपट्याच्या पानाची बिडी ओढणारी. सोयरीक ठरवायला आल्या तेव्हा पोहे गार झाले तरी ह्यांचा पत्ता नाही. गोठ्यामागून धूर दिसला म्हणून तुझे काका पाण्याची बादली घेऊन धावले, तर तिथे विहीणबाई! पुढे माझ्या लेकीला दिवस गेले, तेव्हा तिने सासूला सांगूनच टाकलं, "आई, बिडीचा वास आला तर बाळ हातात देणार नाही." माझी छाती फुगली. मी तर सुपारीसुद्धा खात नाही. म्हटलं, नातवंड आपल्याच मांडीवर! इतक्या वर्षांची बिडी कुठली सुटते?

पण लेकीनेच त्यांना दवाखान्यात नेलं आणि निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या मिळवून दिल्या. आईसाठी डोकेदुखीची गोळी आणायची तर हिला दुकान लांब पडतं! पहिली गोळी विहीणबाईंनी फुटाण्यासारखी कराकरा चावली आणि उचक्यांनी हैराण झाल्या. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं, हळू चावा, झणझणलं की गालात दाबून ठेवा, झणझण गेली की पुन्हा चावा, आणि गोळीच्या आधी चहा नको. मग काय, त्याचं स्तोमच माजलं. गोळी गालात गेली की विहीणबाईंचं बोट वर. कोणी बोलायचं नाही. मासळीवाली भाव सांगून ताटकळतेय, बोट वरच. मी आलं घालून चहा केला तर म्हणाल्या, "चहा पिऊन गोळी फुकट घालवू काय? नाय, ईनबाई." तलफ आली की कोंबड्यांशी भांडत, पण बिडीला हात म्हणून लावला नाही. बाई हरायचं नावच घेईना!

बारसं इथे जव्हारला, आपल्या घरी. पाळणा म्हणायची वेळ आली आणि विहीणबाईंचं बोट वर. सगळ्या बायका थांबल्या. मी म्हटलं, साधली वेळ, आणि गळा खाकरून सुरू केलं. गोड म्हटला गं, खोटं नाही सांगत. पण बाळाने असा टाहो फोडला की विचारू नकोस. विहीणबाईंनी सावकाश गोळी काढली, कागदात गुंडाळून कनवटीला लावली, आणि आपल्या त्या घोगऱ्या आवाजात एकच कडवं म्हटलं. बाळ गप्प. मग त्यांनी लेकीपुढे दोन्ही हात धरले. लेकीने बोटं हुंगली, पदर हुंगला आणि बाळ त्यांच्या हातात दिलं.

"बघा ईनबाई, मना दिला," म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या. मला तर बाळ न हुंगताच मिळत होतं. पण असं रडून घ्यावं, असं काही माझ्या वाट्याला आलं नाही बघ.

आता लेक बाळाला घेऊन सासरी गेली. गोळ्याही सुटत आल्यात म्हणे विहीणबाईंच्या. बाळ त्यांच्या मांडीशिवाय झोपत नाही, आणि मी इथे दुपारभर रिकाम्या मांडीने तांदूळ निवडते. निघालीस? बरं, पण लवकर ये. येताना साखरशेतवरून ये, आणि विहीणबाईंना गाडीत घालूनच आण. त्या आल्या की बाळ आपसूक येतं.