न खपलेली लुगडी

आमच्या कोष्टीपुऱ्यात माग चालू असले की खटखटीत कुणाचं कुणाला ऐकू जात नसे. त्यामुळे आमची माणसं बोलत कमी आणि बोलली तर मोठ्यानं. ज्या वर्षाचं मी लिहिते आहे त्या वर्षी निम्म्याहून जास्त माग बंद उभे होते, आणि मारुतीच्या पारावर रोज संध्याकाळी वाद रंगत होता. हात रिकामे झाले आणि तोंडं कामाला लागली, असं माझी आई म्हणायची.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मी बी. ए. होऊन मुलींच्या शाळेत शिकवू लागले होते. गल्लीतली पहिली बी. ए. म्हणून ही पोरगी फार मिरवते, असं बायका म्हणायच्या. मिरवतच होते. आईनं रात्रंदिवस मागासाठी सुताच्या कांड्या भरून मला शिकवलं होतं. मी नाही मिरवायचं तर कुणी?

गिरणीचं स्वस्त पातळ बाजारात आलं आणि इतवारी बाजारातले व्यापारी आमची लुगडी घेईनासे झाले. आधी म्हणायचे, ठेवून जा, पाहू. मग तेही म्हणेनात. घरोघरी ट्रंकांमध्ये नव्या घड्या साचू लागल्या. बाजारच थंडावल्यामुळे नाक्यावरची जकात आटली, आणि शहराच्या म्युनिसिपल कमेटीनं खर्च कापायला काढला. कमेटीची तोवर कार्पोरेशन झाली होती, पण आमच्या तोंडी ती कमेटीच राहिली. कापायच्या खर्चात आमच्या गल्लीतला दवाखाना होता.

दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या. डॉक्टर अधूनमधून येत, कंपाउंडर रोज येई. पण खरा दवाखाना म्हणजे तिथली नर्सबाई. तिनं गल्लीतली कितीतरी बाळंतपणं घरी येऊन केली होती. माझ्या वहिनीची आधीची दोन मुलं गेली होती, दोन्ही जन्मतानाच, म्हाताऱ्या सुईणीच्या हातून. आता तिसऱ्यांदा दिवस होते आणि सातवा सरला होता. नर्सबाईनं पोट तपासून आईला बजावलं होतं की लेकरू आडवं आहे, फिरलं तर ठीक, नाही तर मला बोलावल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तेव्हापासून वहिनी दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन यायची आणि आल्यावर कुणाशी न बोलता चुलीपाशी बसायची. दवाखाना बंद होणार ही बातमी बाकीच्यांसाठी वादाचा विषय होती. आमच्या घरात ती वहिनीच्या तोंडाकडे बघून कळायची.

वाद असा होता. लकडगंजातल्या एका लाकडाच्या सेठनं निरोप धाडला होता, की कमेटीनं दवाखाना बंद केला तर वडिलांच्या नावानं आपण गल्लीतल्या आपल्या जागेत धर्मार्थ दवाखाना काढू, शिकलेली दाईही ठेवू. अर्धी गल्ली खूश झाली. शेजारचे काका मागाला कंटाळून गिरणीत लागले होते. ते सेठच्या बाजूनं भांडायचे. सरकारजवळ पैसा नाही, सेठजवळ आहे, औषधाच्या शिशीला काय कळतं पैसा कुणाचा, असं त्यांचं म्हणणं. बाबा ऐकायला तयार नव्हते. सुताच्या गठ्ठ्यावर जकात आपण भरतो, म्हणून दवाखाना आपल्या हक्काचा, असं ते म्हणत.

“सेठच्या दारी हात जोडून औषध घ्यावं लागन,” बाबा म्हणाले.

“अन् कमेटीच्या दारी काय कमरेवर हात ठेवून घेतं काय गा?” काकांनी विचारलं, आणि पारावर हशा पिकला.

मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. राहवलं नाही. मी म्हटलं, सेठचं मन आज आहे, उद्या नसेल. त्याला कुणी जाब विचारू शकत नाही. कमेटीला विचारता येतो, आपण तिला निवडून देतो. काका माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “मंग विचार ना वं माय. बी. ए. झाली तू कायसाठी?”

मी विचारलाच. सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज लिहिला, नेऊन दिला, आणि उत्तर आलं की मेंबर लोक स्वतः येऊन पाहणी करतील.

त्यानंतर आमच्या गल्लीनं जे केलं ते फक्त आमचीच गल्ली करू जाणे. मेंबर येणार म्हणजे पाहुणे येणार. पंचांनी बैठक घेतली. नाल्या उपसल्या, भिंतींना चुना दिला, दवाखान्यासमोर सडा घातला. पाहुण्यांसमोर खोकणाऱ्याला बसवत नाहीत, म्हणून दुखणाईतांनी त्या सकाळी घरीच थांबायचं ठरलं. आणि बायकांनी काय नेसायचं यावर बाबांनीच तोड काढली. घरातली लुगडी धुऊन धुऊन विरली होती. विणणाऱ्याच्या घरात नवं लुगडं नेसायचं नसतं, ते विकायचं असतं. लग्नाकार्यात एखादं अंगाला लागलं तर लागलं. पण विकत कोण होतं? बाबा म्हणाले, ट्रंकेत पडून कसर लागण्यापेक्षा एक दिवस अंगावर घाला, आपल्या हाताचं काम तरी पाहतील. त्या सकाळी अख्ख्या कोष्टीपुऱ्यातल्या बाया रेशीमकाठी कोऱ्या लुगड्यांत उभ्या होत्या. वहिनीनं जांभळ्या काठाचं नेसलं होतं, बाबांनी ते दिवाळीच्या बाजारासाठी विणलं होतं. इतकी सुंदर गल्ली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

मेंबर तिघे आले. बंगलेवाल्या धरमपेठेतले एक वकील पुढारीपण करत होते. ते दवाखान्यात गेले. बाकं रिकामी, फरशी धुतलेली, नर्सबाई टेबलाशी एकटी उभी. तिनं रोजची गर्दी सांगितली, पण समोर गर्दी नव्हती. ती आमच्याकडे अशी पाहत राहिली, की हे काय करून बसलात. वकीलसाहेब बाहेर आले, बायांच्या रांगेवरून त्यांनी नजर फिरवली आणि सोबतच्यांना हसून म्हणाले की इथे तर आपल्या घरच्यांपेक्षा बरी लुगडी दिसतात.

मी पुढे झाले. म्हटलं, “साहेब, ही लुगडी आम्ही घेतलेली नाहीत. विकली गेली नाहीत म्हणून अंगावर आहेत.”

“म्हणजे माल तुमचाच ना?” ते म्हणाले. “बाई, या शहरात अशा वस्त्या आहेत जिथं अंगावर घालायला चिंधी नाही. पैसा थोडा आहे. आधी कुणाला द्यायचा, तुम्हीच सांगा. शिकलेल्या दिसता.”

प्रश्न खोटा नव्हता, ही खरी अडचण होती. मला उत्तर येत होतं. काठ खाऊन पोट भरत नाही, ज्याचा माल पडून आहे तो उद्या चिंधीवर येणार, आणि त्या वस्तीतल्या बाईला आणि माझ्या वहिनीला एकमेकींसमोर उभं करायचा हक्क तुम्हाला कुणी दिला, हे सगळं मी म्हणाले. बरंच नीट म्हणाले. वकीलसाहेबांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मंडळी मोटारीत बसून गेली. मागून काका पुटपुटले की भाषण झ्याक झालं, आता निकाल पाहा.

निकाल आला. दवाखाना आठवड्यातून एकदा उघडणार, कंपाउंडर औषध देणार, नर्सबाईची बदली. ती जाताना वहिनीला भेटायला आली. लेकरू अजून फिरलं नव्हतं. मोठ्या इस्पितळात आधीच जाऊन राहा, म्हणाली. पण दिवस भरायच्या आत तिथे खाट देत नाहीत आणि कळा सुरू झाल्यावर सायकलरिक्षात घालून नेणं धोक्याचं, हे तिलाही ठाऊक होतं. नवी जागा कुठे, असं मी विचारलं. धरमपेठेकडे, असं तिनं खाली पाहून सांगितलं.

मग सेठचा मुनीम आला. धर्मार्थ दवाखान्याचं उद्घाटन ठरलं होतं. बायांनी यावं, ओळीनं बसावं, सेठच्या हातून औषध घ्यावं, फोटो निघणार होता. पोटुशी असेल तिचं नाव त्याच दिवशी दाईकडे लागणार होतं. जाता जाता तो म्हणाला, साधंच नेसून या, मागं नेसलं तसं नको.

बाबा मागावर बसून होते, रिकाम्या मागावर. म्हणाले, सरकारनं आपल्याला श्रीमंत म्हणून हाकललं, आता सेठपुढं भिकारी होऊन बसायचं. आपल्या घरचं कुणी जाणार नाही. मी बाबांची बाजू घेतली. मला ते मनापासून पटत होतं. दयेवर उभा दवाखाना मी काल नको म्हटला होता, तर आज कशी हो म्हणू? कमेटीकडे पुन्हा अर्ज करू, वर्तमानपत्रात लिहू, असं मी बोलत राहिले.

वहिनी सासऱ्यासमोर कधी तोंड उघडत नसे. ती स्वयंपाकघराच्या दारातून, पदर पुढे ओढून, माझ्याशीच बोलली. “बाई, तुमचं सगळं खरं हाय. मामाजींचंही खरं हाय. पण अर्जाले उत्तर येईपर्यंत हे लेकरू थांबते काय?”

बाबा मागावरची धूळ पुसू लागले.

“मले लेकरू पाहिजे,” ती म्हणाली. “फाटकं नेसून मिळत असन, तर मी फाटकं नेसतो.”

ती गेली. माझं एक जुनं, कोपरावर ठिगळ लावलेलं पोलकं घालून आणि आईचं विरलेलं लुगडं नेसून गेली. तिला एकटं कसं पाठवायचं, म्हणून मी सोबत गेले, शाळेची साडी नेसून. मुनीमानं मला ओळीतून उठवून मागे उभं केलं, फोटोत मी बरी दिसत नव्हते. सेठ म्हातारा होता. खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. त्यानं वहिनीला शिशी देताना ‘बेटी’ म्हटलं. तिनं वाकून नमस्कार केला. मी तिकडे पाहिलं नाही.

सेठची दाई मात्र हुशार निघाली. शेवटच्या दिवसांत ती येऊन पोट चोळून जायची, आणि लेकरू फिरलं. मुलगी झाली, जिवंत, रडत. बाबांनी तिला हातात घेतलं नाही. आत गेले, ट्रंक उघडली, जांभळ्या काठाचं ते लुगडं काढलं आणि माग होता त्याच खोलीत आढ्याला त्याची झोळी बांधली. आई ओरडली, कोरं आहे, पुढे बाजार उठला तर? बाबा गाठ आवळत राहिले. “उठू दे,” म्हणाले.

पुढे काही वर्षांनी सेठ गेला. त्याच्या मुलांनी धर्मार्थ दवाखान्याच्या जागी लाकडं रचली. तेव्हा मी पारावर जाऊन काकांना म्हटलं, मी सांगितलं नव्हतं? काका म्हणाले, सांगितलं होतंस. मग त्यांनी मारुतीच्या पाराभोवती धावणाऱ्या माझ्या भाचीकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं. आमचा वाद तिथेच राहिला. अजून मला वाटतं की दवाखाना सरकारचाच हवा, बाजार पडला असेल तेव्हा तर हवाच हवा. पण हे बोलताना ती समोर असली की माझा आवाज थोडा खाली येतो.