हनुवटीवरची खूण

डागकाका हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी उभं आयुष्य लोकांच्या तोंडावरचे डाग पुसण्यात घालवलं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवली की मुरुम गेले, सुरकुत्या गेल्या, नवरदेव दहा वर्षांनी लहान. गिऱ्हाईक खूश.

एकदाच काय ती फजिती झाली. एक मुलगी नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढून गेली आणि दुसऱ्या दिवशी तणतणत परत आली. "ही बाई कोण? माझ्या हनुवटीवरची खूण कुठंय?" लहानपणी जिन्यावरून पडल्याची ती खूण काकांनी न विचारता उडवली होती. मग तिला समोर बसवून, तिच्याकडे बघत बघत, ब्रशने ती परत काढली. काम पाच मिनिटांचं, काकांनी अख्खी दुपार लावली. तीच पुढे काकू झाली. काय दिवस होते ते.

आता पुढचं ऐका. काकांचा एक डोळा लहानपणापासूनच अधू. दुसऱ्यातला मोतीबिंदू काढायला गेले, आणि डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं औषध चुकून थेट आत गेलं. पडद्याचा मधला भाग जळाला. "चूक आमची आहे," डॉक्टर खाली मान घालून म्हणाले. "कडेचं दिसेल. समोरचं आता परत येणार नाही."

घरी आल्यावर काकांनी काकूकडे पाहिलं. केस दिसले, खांदे दिसले, चेहऱ्याच्या जागी करडा डाग. हा पुसायला कुठली पेन्सिल आणायची? तिरकं बघायची सवय करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण काका हट्टाला पेटले. "स्वतःच्या बायकोकडे चोरासारखं बघू होय?" भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवणावरची वासनाच उडाली. तिचा चेहरा गेला म्हणजे सगळंच गेलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

शेवटी काकूच वैतागली. खुर्ची ओढून खिडकीपाशी त्यांच्या पुढ्यात बसली. "माझ्या कानाकडे बघा. एवढ्या वर्षांत माझं एक ऐकलं नाहीत, आज ऐका."

काकांनी नाइलाजाने कानाकडे नजर लावली. डाग बाजूला सरकला. गाल आला, ओठांची कड आली, आणि खाली, अंधुक का होईना, ती खूण. काकांना रडू आवरेना.

"दिसली," ते म्हणाले.

"आणि सुरकुत्या?"

"एकही नाही."

"खोटं बोलताय."

"जन्मभर तेच तर केलं," काका म्हणाले, आणि तिच्या कानावरची नजर त्यांनी जराही हलू दिली नाही.