फियाटमधला पिशवीचा हुक

चहा घ्या, सांगतो. पण हसलात तरी चालेल, असं काही मी म्हणणार नाही!

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि माझी नागपूरहून इथं बदली झाली. सासऱ्यांनी जिवापाड जपलेली जुनी फियाट आम्हाला वापरायला दिली. अट एकच. उभ्या गाडीचं इंजिन इतकं शांत चालायला हवं की बोनेटवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी सांडू नये.

"मी येऊन पाहीन. सांडलं, तर गाडी वापस नेईन!"

आणि मे महिन्यात आले की हो! दुपारच्या रेल्वेनं यायचे होते, म्हणून सकाळीच मी गाडी काढली.

गोल बाजारातून त्यांच्या आवडत्या भरतासाठी वांगी घेतली. वीस वर्षं स्कूटर चालवलेला माणूस मी, पिशवीला हुक लागतोच. डॅशबोर्डखाली एक बटण होतं, तिथं अडकवली. पंडरीच्या चौकात थांबलो, तर इंजिनानं ठणाणा बोंब ठोकली!

पानठेलेवाला ओरडला, "भैया, उड़ान भरोगे क्या?"

मला दरदरून घाम. बोनेट उघडून उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा स्क्रू पिळला. शांत! आहे की नाही हुशारी?

समता कॉलनीत घरी पोचलो, पिशवी काढली, बाहेर आलेलं बटण नीट आत ढकललं. टापटीप हवी ना! इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद.

"काहून बंद पडली जी?" बायको दारात.

"मले काय माहीत!"

"बाबा गाडी नेतील, पाहा तुम्ही!"

स्क्रू उलटा फिरवला. चालू झाली. मग बायकोनं बाबांसाठी डबा आणि पाण्याची बाटली भरून पिशवी दिली. अडकवली. स्टेशन येईस्तोवर पुन्हा बोंब! पुन्हा स्क्रू.

सासरे बाहेर आले ते हातात पेला घेऊनच. मी पिशवीतली बाटली काढून दिली, त्यांनी पेला भरून बोनेटवर ठेवला. माझा जीव पेल्यात! इंजिन गुरगुरलं, पेला नाचत नाचत कडेला गेला आणि धाडकन खाली.

सासऱ्यांनी दारातून आत डोकावलं. "जावईबापू, ही पिशवी कायले लटकवली?"

"हुक आहे ना तिथं..."

"हुक? अहो, तो चोक आहे! थंड इंजिनाले जास्त पेट्रोल पाजाचं बटण. पिशवीच्या वजनानं बाहेर येऊन राहिलं अन् तुम्ही बिचाऱ्या स्क्रूले पिळून राहिले!"

रायपूरच्या उन्हाळ्यात चोक कधी लागलाच नव्हता हो, मला काय ठाऊक?

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, बटण आत ढकललं, कान लावून स्क्रू जरासा फिरवला. पेला पुन्हा भरून ठेवला. थेंबही सांडला नाही. लाज वाटली, पण जीव भांड्यात पडला.

"गाडी ठेवा," ते म्हणाले. "पण पिशवी मांडीवर!"

ते चालवायला बसले, मी शेजारी पिशवी धरून. घर आलं. फाटक उघडायला मी उतरलो. हात मोकळे हवेत म्हणून पिशवी जरा... इंजिनाची बोंब ऐकून अख्खी गल्ली बाहेर आली!

सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली आणि लेकीच्या हातात ठेवली.

तेव्हापासून गाडी ती चालवते. मी पिशवीचा हुक.