अक्कांचे दोन हात
कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की धुळ्यातली ती गल्ली आठवते. देहविक्री गुन्हा मानू नये की ती बंदच व्हावी, हे तिथल्या बायकांना विचारायला आम्ही संस्थेतर्फे गेलो होतो आणि त्यांनी आमच्यासाठी भरिताचा घाट घातला होता. “गुन्हा नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा,” मी म्हणाले. वांगी सोलत बसलेल्या अक्कांनी काजळीने काळा झालेला हात वर केला. “बंद व्हावी म्हणणाऱ्यांनी?” अक्कांनी दुसराही वर केला. “अक्का, एकच!” “मंग कोनता खाले करू?” त्या उखडल्या. “पोलीसनी धाड बी नको, नि मना पोटनी पोर या गल्लीमा बी नको.” परवा याच प्रश्नावरच्या सभेत हात वर करायला सांगितलं, तेव्हा माझे दोन्ही हात मांडीवरच राहिले.